सकाळी सांगीन

बसा. गंधार, ती खुर्ची इकडे ओढ, मले आता मोठ्यानं बोलता येत नाही. उर्वी, गच्चीवर आहोत म्हणून खाली आईले सांगून आली ना? मंग ठीक.

तुमाले भुताची गोष्ट पाहिजे. मले तशा गोष्टी येत नाहीत. सारी उमर रेल्वेत गेली, रात्री-अपरात्री लाइनीनं हिंडलो, मले कधी काही दिसलं नाही. जे सांगून राहिलो ते विद्याधर वैरागडेसोबत झालं. तुमचे विद्याधरकाका, इथं भिलाईतच कुरुदले राहणारे. मी अन् तो एकाच साली भिलाईले आलो. तो सिग्नलमधे होता. घरी जाता जाता कुलूप लावलं की नाही अशी शंका आली, तर अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन पाहणारा माणूस. त्यानं हे मले एकदाच सांगतलं. पुन्हा त्यावर बोलला नाही, अन् मीही विचारलं नाही.

दोन वर्षं झाली. दसरा झाल्याची दुसरी रात्र, एकादशीची. बाराचा सुमार असंल.

नलूले, म्हणजे त्याच्या बायकोले, डेंगू झाला होता. कुरुदमधेच एका छोट्या नर्सिंग होममधे ठेवलं होतं. त्या रात्री ताप चढला अन् डॉक्टरनं सांगतलं, प्लेटलेट आताच पाहून घ्या. फार खाली गेल्या असतील तर रात्रीच रायपूरले हलवावं लागंल. त्यांच्याकडे रात्री तपासणी होत नव्हती. नर्सनं रक्त काढलं, जांभळ्या टोपणाची नळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून विद्याधरच्या हातात दिली अन् लॅबचं नाव सांगतलं.

विद्याधर तसाच उभा राहिला. दुसरी कोणती लॅब नाही का, म्हणे. नर्स म्हणाली, एवढ्या रात्री हीच एक उघडी असते, काका.

त्यानं नळी खिशात ठेवली अन् स्कूटर काढली.

त्यानं दुसरी लॅब कावून विचारली, ते आधी सांगतो. नाही तर पुढचं तुमाले समजणार नाही.

त्या लॅबमधे मीनल कामाले होती. त्याची पोरगी, एकुलती. गंधार, तुले सायकल तिनंच शिकवली. मागं कॅरिअर धरून पळायची, अन् धरलं आहे धरलं आहे म्हणत केव्हाच सोडून द्यायची. रात्रपाळीले ती लॅबमधे एकटीच राहत होती. लग्न ठरलं होतं, गोंदियाचा मुलगा. एका रात्री फिरत्या मशीनमधे काचेची नळी फुटली. तुकडे उचलताना बोटाले लागलं. रक्त आलं. तिनं पट्टी बांधली, मशीन पुसलं अन् पुढच्या कामाले लागली. काही फुटलं की तिथं बोलणी बसायची. तिनं ठरवलं, सकाळी सांगीन.

सकाळी लॅबमधे गर्दी झाली. ती घरी येऊन झोपली. मंग उद्या सांगीन, मंग परवा. फुटलेल्या नळीतलं रक्त कावीळ अंगात असलेल्या माणसाचं होतं. ही रक्ताची कावीळ पाण्याच्या काविळीसारखी नसते. लागल्याबरोबर, एखाद्या दिवसात, इंजेक्शन घेतलं तर बहुतेक वेळा माणूस वाचते. आधी लस घेतली असंल तर काळजीच नाही. तिनं लस घेतली नव्हती, अन् घेतली का म्हणून तिले कोणी विचारलंही नव्हतं. घरी सांगतलं नाही, कारण लग्नाची गडबड होती. गोंदियावाल्यांच्या कानावर गेलं तर... असं तिच्या मनात आलं असंल.

तीन-एक महिन्यांनी डोळे पिवळे झाले. रायपूरले नेलं तेव्हा लिव्हर बसत आलं होतं. तिथं खाटेवर तिनं आईबापाले सांगतलं. रागावू नका म्हणाली. मी सकाळी सांगीन म्हटलं होतं, पण सकाळ झाली की धीरच होत नव्हता.

पत्रिका छापून आल्या होत्या. तेराव्यानंतर विद्याधर तो सारा गठ्ठा घेऊन शिवनाथ नदीवर गेला अन् एक-एक करून पाण्यात सोडला. मी सोबत होतो. तेव्हापासून तो त्या लॅबच्या रस्त्यानं जात नव्हता. बाजारालेही फेरा मारून जाय. अशी चार वर्षं गेली.

अन् आता खिशात नलूच्या रक्ताची नळी घेऊन तो त्याच रस्त्यानं चालला होता.

दसऱ्याचं सारं ओसरलं होतं. मैदानात जळालेल्या रावणाचे बांबू उभे होते, हवेले फटाक्याच्या दारूचा वास होता. माणूस दिसत नव्हता. पोलादाच्या प्लांटकडून आभाळ एकदा लाल झालं अन् विझलं. एवढंच.

लॅबचं शटर अर्धं वर होतं. आत एक नवी पोरगी होती, ऐश्वर्या नावाची. खुर्सीपारची, बाप प्लांटमधे ठेकेदाराकडे. दोन महिनेच झाले होते तिले लागून. तिनं नाव विचारलं, वैरागडे लिहून घेतलं, अन् तिले त्या नावाचं काही वाटलं नाही. कसं वाटणार? ती नळी घेऊन आतल्या खोलीत गेली. खोलीले धुरकट काचेचं दार आहे, आतलं माणूस सावलीसारखं दिसते.

विद्याधर बाहेर बाकावर बसला. मीनल डबा विसरली की तो डबा घेऊन याच बाकावर बसत असे.

थोड्या वेळानं ऐश्वर्या बाहेर आली. म्हणाली, अंकल, घाबरायचं काही नाही, पंच्याऐंशी हजार आहेत. कमी आहेत पण धोका नाही. रिपोर्ट छापून देते, आधी एका दवाखान्याच्या वॉर्डातून आलेलं रक्त लावून घेते. विद्याधरनं लगेच नर्सिंग होमले फोन केला. नर्स म्हणाली, मंग रायपूरचं काम नाही, बाई झोपल्या आहेत. त्याच्या जिवात जीव आला. बाकाले टेकला. डोळे मिटले.

आत काही तरी पडलं. बारीक आवाज.

मंग काहीच नाही.

मंग नळ सुरू झाला.

त्याले वाटलं हात धुवून राहिली असंल. पण नळ बंद होईना. पाणी पडत होतं... पडतच होतं. अन् त्यात रडण्याचा आवाज. दाबून धरलेला, तोंडावर हात ठेवल्यासारखा. विद्याधर सावरून बसला. हाक मारावी का, असा विचार करत होता, तेवढ्यात आत दुसरं कोणी बोललं.

"दाबू नको. वाहू दे. साबण लाव... हां. घाबरू नको."

काचेवर दोन सावल्या होत्या.

त्यानं मले सांगतलं, पहिल्यांदा मले काही वाटलंच नाही, श्यामराव. वाटलं दुसरी टेक्निशियन असंल, मागच्या दारानं आली असंल. मराठी बोलून राहिली याचंही नवल वाटलं नाही. घरातलंच कोणी बोलल्यासारखं वाटलं. अन् मंग ध्यानात आलं... घरातलंच होतं.

ऐश्वर्या रडत रडत म्हणत होती, "किसी को मत बताना मैडम, नौकरी चली जाएगी. सुबह बता दूँगी."

नळाचं पाणी...

"सकाळ झाली की तू सांगणार नाही."

विद्याधर उभा राहिला. दारापाशी गेला. दाराची मूठ धरली. थंड होती. फिरवायची तेवढी राहिली होती.

"बाबा, आत नका येऊ."

त्याचे ओठ हलले फक्त.

"मिनू?"

काचेपलीकडची एक सावली जवळ आली होती. एवढी जवळ, की मधे काचच होती.

"तिले दुर्गले घेऊन जा. सरकारी दवाखान्यात. आताच."

"मले एकदा पाहू दे तुले."

नळ थांबला होता. त्याले वाटलं, गेली. त्यानं मूठ अर्धी फिरवली. दार जरासं हललं... आतून कोणी धरलेलं नव्हतं. एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं.

"तुम्ही आत आले, तर तिले नेणं राहून जाईल, बाबा."

विद्याधर मले म्हणाला, मी बाप आहे. चार वर्षं मी देवाजवळ दुसरं काही मागतलं नाही. एकदा चेहरा दाखव, एवढंच. अन् चेहरा एका काचेपलीकडे होता.

...त्यानं हात काढून घेतला.

दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, "नेतो."

दार उघडलं. ऐश्वर्या एकटीच बाहेर आली. बाही भिजलेली, डाव्या हाताचं बोट वर धरलेलं. तिच्या मागं दार मिटलं. विद्याधरनं तिकडे पाह्यलं नाही. मानच वर केली नाही, म्हणे. पाह्यलं असतं तर पाय हलले नसते.

ऐश्वर्या सांगू लागली, की वॉर्डातून रक्त सिरिंजमधेच आलं होतं, ते नळीत काढून सुईले टोपण लावताना सुई बोटात गेली. वॉर्डातला पेशंट कावीळवाला आहे, बी-वाली. अन् ती जे पुढं म्हणाली ते विद्याधरनं मले तिच्याच शब्दांत सांगतलं. "मैडम बोलीं, बाहर मेरे बाबा बैठे हैं. उनके साथ चली जा, वो पहुँचा देंगे."

तिनं नलूचा रिपोर्ट त्याच्या हातात दिला, शटर ओढलं, कुलूप लावलं. आत कोणी राहिलं आहे का, हे तिनं विचारलं नाही. विद्याधरनंही नाही.

जी. ई. रोड सारा मोकळा होता. स्कूटरवर ऐश्वर्या गप्प बसली होती. नेहरूनगर चौक गेल्यावर एकदाच बोलली. मॅडम नवीन आल्या आहेत का, मी याआधी पाह्यलं नाही त्यांना. विद्याधरनं स्कूटर तशीच पुढं नेली. हेल्मेट होतं म्हणून बरं झालं, म्हणे. वाऱ्यानं डोळ्याले पाणी येते, असं पोरीले वाटलं असंल.

दुर्गच्या दवाखान्यात रात्रपाळीचा डॉक्टर होता, तरुण पोरगा. त्यानं बोट पाह्यलं, कितीक वेळ झाला विचारलं, पेशंटचं विचारलं. लस घेतली आहे का? एकच घेतली होती, पुढच्या राहिल्या होत्या. डॉक्टरनं फोन करून झोपलेल्या माणसाले उठवलं, दुसऱ्या इमारतीतून थंड डब्यात इंजेक्शन मागवलं. एक ते, अन् दुसऱ्या हाताले लस. मंग पाणी प्यायले दिलं अन् समोर बसवून सांगतलं, की तू आली हे फार चांगलं केलं. सुई टोचलेले पुष्कळ असतात, सांगणारे थोडे. लपवून ठेवतात अन् आमच्याकडे येतात तेव्हा आमच्या हातात काही नसते. यात तुझी चूक नाही, कामावर झालेलं आहे, लॅबवाल्यांनी तुले काही म्हटलं तर मले फोन कर. लॅबच्या इनचार्जलेही त्यानं तिच्यासमोरच फोन लावला, एवढ्या रात्री.

मंग विचारलं, दाबलं नाही, चोळलं नाही, बराबर धुतलं आहे. कोणी शिकवलं?

ऐश्वर्या म्हणाली, मॅडमनं. सिनिअर आहेत.

डॉक्टर लिहून घेत होता. "नाव काय त्यांचं?"

ऐश्वर्यानं विद्याधरकडे पाह्यलं. तिले नाव माहीत नव्हतं.

विद्याधर म्हणाला, "मीनल विद्याधर वैरागडे."

डॉक्टरनं लिहिलं. मान हलवली. म्हणाला, अशी माणसं प्रत्येक लॅबमधे पाहिजेत.

विद्याधर बाहेर पायरीवर जाऊन बसला. चार वर्षांत पहिल्यांदा तो मोकळा रडला, असं त्यानं मले सांगतलं. तिथं कोणी काही विचारत नाही. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर रात्री रडणारा माणूस असतोच एखादा.

ऐश्वर्या आज चांगली आहे. सहा महिने तिचं रक्त तपासत राहिले, काही निघालं नाही. सारे डोस पुरे झाले. त्या लॅबमधे आता सगळ्यांले लस दिली आहे अन् बेसिनच्या वर मोठ्या अक्षरात फोन नंबर लावला आहे, काही लागलं तर रात्री-बेरात्री इथं सांगा म्हणून. इनचार्ज आधी कुरकुरला होता, पण डॉक्टरचा कागद आला, मंग गप्प बसला. दुसऱ्या दिवशी ऐश्वर्यानं लॅबमधे विचारलं, रात्री दुसऱ्या मॅडम कोण होत्या. त्यांनी सांगतलं, तुझ्याशिवाय ड्यूटीवर कोणी नव्हतं. मागचं दार तर बाहेरून बंद असते.

ती विद्याधरच्या घरी आली. डोक्याले टोपी होती मॅडमच्या, तोंडाले मास्क, डोळे तेवढे दिसत होते, म्हणाली. हात फार थंड होते, पण पाणीही थंड होतं. अन् एक गोष्ट... विद्याधर म्हणाला की ती मराठीत बोलत होती. ऐश्वर्या म्हणाली, नाही अंकल, मॅडम छत्तीसगढीत बोलत होत्या. झन डर नोनी, म्हणाल्या मले, म्हणजे घाबरू नको पोरी. माझी आई बोलते तशा.

भिंतीवरचा मीनलचा फोटो तिनं पाह्यला. डोळ्यांकडेच पाहत राहिली. नलूनं तिले चहा दिला. ती आजही येते, दिवाळीले, तिळसंक्रांतीले. नलूले आई म्हणते.

...झोप आली का? नाही ना. मंग एवढंच राहिलं. हे मात्र मी विद्याधरकडून ऐकलेलं नाही. हे मी पाह्यलं.

त्या रात्री ऐश्वर्याले खुर्सीपारले तिच्या दारात सोडून विद्याधर परत नर्सिंग होमले आला, तेव्हा फटफटत होतं. मीही त्याच वेळी चहाचा थर्मास घेऊन पोचलो होतो. आदल्या संध्याकाळी मी नलूले पाहून गेलो होतो. चार दिवसांच्या तापानं अगदी उतरून गेली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या, उशीले चिकटलेल्या. कोणी हात लावला की रडायची, दुखते म्हणून. नर्स म्हणाली होती, घरी गेल्यावर कापूनच टाकावे लागतील.

आम्ही दोघं खोलीत गेलो. नलू शांत झोपली होती. ताप उतरला होता. तोंड धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

अन् केस विंचरलेले होते. मधोमध भांग. एकही गुंता नाही. तेल लावल्यासारखे चापून बसवलेले, अन् लांब, घट्ट वेणी घातलेली. खाटेवरून खाली लोंबत होती.

मी नर्सले विचारलं. ती म्हणाली, आम्ही दोघीच होतो रात्री, अन् पलीकडच्या खोलीतली बाई सिरीअस झाली, आम्ही तिकडेच होतो. यांच्याकडे यायले झालंच नाही. दुसरं कोणी आलं नाही, खाली दाराले कुलूप होतं.

विद्याधर खाली वाकला. वेणीचं टोक हातात घेतलं.

टोकाले रिबिन नव्हती. रबर नव्हतं. तपासणीच्या हातमोज्याची मनगटाकडची कडा कापून गोल काढलेली होती, निळी, अन् तिचे दोन वेढे दिलेले. लॅबमधल्या पोरी करतात तसं, हाताशी दुसरं काही नसलं की. त्या नर्सिंग होममधले हातमोजे पांढरे होते. मी डबा पाह्यला.

मी थर्मास खाली ठेवला.

नलूनं डोळे उघडले. आमच्याकडे पाह्यलं, मंग त्याच्या हाताकडे. हळूच त्याच्या बोटातून वेणी सोडवून घेतली, पुढं छातीवर आणली, ते निळं टोक मुठीत धरलं... अन् पुन्हा डोळे मिटले.